लाभ

दिवसा मी डाळमिलच्या काट्यावर बसते,
जळगावच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या चटई-कारखान्याला लागून.
रात्रपाळी असली की त्याच टेबलावर
आवाजाचे दाणे पाडते.

सॉफ्टवेअर फुकटचं, लॅपटॉप दिराचा,
कीबोर्डच्या फटींत तुरीची टरफलं.
पडद्यावर सगळं इंग्रजीत लिहिलंय,
त्यावर मी मनातल्या मनात आमचे शब्द चिकटवलेत.
ग्रेन म्हणजे दाणा, हे शेंबडं पोरही सांगेल.
डेन्सिटी म्हणजे दाटी.
स्प्रे म्हणजे पाखडणं: कुठला दाणा कुठे पडेल
ते सुपालाही ठाऊक नसतं.
आणि दाण्याच्या दोन्ही कडा उताराच्या कराव्या लागतात,
नाहीतर प्रत्येक तुकडा टिक् करून कानाला टोचतो.
ही पॉलिश.
पॉलिशचे आमच्याकडे क्विंटलमागे वेगळे पैसे.

आधी मी चाळणीचा आवाज कापला,
मग एलिव्हेटरच्या पट्ट्याचा,
एकदा अजिंठा चौफुलीवरच्या ट्रकांचा.
चाळीस मिलीसेकंदांचे तुकडे करून उधळले
की ट्रकसुद्धा टिटवीसारखा ओरडतो.
मग सुपडूआप्पांचा.

आप्पा पारोळ्याकडचे. आधीची तीन जगली नाहीत,
म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं त्यांना,
नेणाऱ्याला वाटावं, हे तर कोंड्यातलं.
एकतीस वर्षं पोती मोजताहेत.
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं,
आणि आप्पांची जीभ नेमकी तिथेच अडते.
ल. ल. ल.
पोतं हमालाच्या पाठीवर, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर,
निंबा ओरडतो, आप्पा, दोनपासून धरा ना!
आप्पा ऐकत नाहीत.
लाभ झाल्याशिवाय दोन कुठून येणार?

मोबाइलवर सात सेकंद मिळाले.
मी दाटी वाढवली. दाण्यावर दाणा चढला, फटी बुजल्या,
जिथे जीभ थबकत होती
तिथे आधीच दुसरा दाणा येऊन उभा.
पट्टी तीच ठेवली, नुसता वेळ ताणला,
आणि सात सेकंदांतून
अडीच मिनिटांचा एक लाभ निघाला,
केळीच्या कोवळ्या पानावरून
उलटा हात फिरवावा तसा. कुठे म्हणून कुठे खरबरीत नाही.
रात्री दीड वाजता मी स्वतःचीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
आप्पांच्या कानात एक बोंड घातलं.
हातात कळण्याची भाकरी, तिच्यावर ठेचा.
अडीच मिनिटं त्यांनी घास घेतला नाही.

"हाऊ कोन शे व माय?"

तुम्हीच की आप्पा.

त्यांनी बोंड काढून हातावर ठेवलं,
खडा सापडल्यावर ठेवतात तसं.
"हाऊ मना नही."

मला राग आला. खरंच आला.
तीन रात्री घातल्या होत्या.
मग तिथेच, तेलकट बोटांनी,
सेकंदाला नव्वद दाणे होते ते सहावर आणले.
पॉलिशही काढली.
ल.
ल.
मध्ये वीतभर काहीच नाही, पंख्याची घरघर.
ल.
आप्पा हसले, दातांत उडदाचा काळा कोंडा.
"हां. आते हाऊ मना."
आणि मग, अगदी गंभीरपणे,
"दोन कवय म्हनस हाई मशीन?"

दोन त्या सात सेकंदांत नव्हताच.
ते सांगायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली.

आता मी चिठ्ठीवर तारीख घातली आहे,
गाडीचा नंबर घातला आहे, माल: तूर, फटका, नंबर एक.
निंबाच्या पाठीवर पोतं.
तो काहीतरी पुटपुटतो आहे, दोनपासून बहुतेक.
पेन्सिलीचं टोक कागदाला टेकवून
मी अंदाज घेते आहे,
या एवढ्याशा फटीत किती दाणे बसले असते.
आप्पांनी हात वर केला आहे.

ल.